कुला: माळ कुठे, बाजूबंद कुठे? आणि मालिनोव्स्कीची ‘पद्धत’ म्हणजे नेमकं काय लिहायचं?

प्रश्न (एमए, मानवशास्त्र):
कुलातल्या (पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड आणि आसपासच्या बेटांमधली दागिन्यांची रीतसर देवाणघेवाण) दिशा लिहिताना माझ्याकडून दर वेळी उलट्या होतात. शिवाय तिथे अभ्यास केलेल्या मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीच्या फील्डवर्कवरच्या उत्तरात ‘लोकांत राहिला, भाषा शिकला’ एवढंच लिहिलं की मार्क जातात. काय हवं असतं?

कोरा_रकाना:
दिशा पाठ करू नका, काढून बघा. बेटांचं कडं काढा आणि कड्यावर, मध्याकडे तोंड करून उभे आहात असं धरा. लाल शिंपल्यांची माळ (सौलावा) उजवीकडून येते, डावीकडे जाते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पांढरा बाजूबंद (म्वाली) बरोबर उलटा. मध्याकडे पाठ केलीत की सगळं फिरतं, बहुतेकांचं तिथेच चुकतं. त्यामुळेच माळेच्या बदल्यात माळ येत नाही, बाजूबंदच येतो, तोही सहसा काही काळाने. घासाघीस चालते ती गिमवालीत, म्हणजे साध्या व्यापारात. ती त्याच सफरीत होते, पण आपल्या कुला-भागीदाराशी नाही. हा फरक लिहाच.

पद्धतीचे भाग तीन. पहिला सांगाडा: वंशावळी, गावाचा नकाशा, देण्याघेण्याचे तक्ते. तक्ता खरोखर कागदावर आखायचा. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे उद्या विचारायचा प्रश्न. दुसरा रोजचं बारीकसारीक: जेवण, बोलण्याचा सूर, रुसवेफुगवे. याची रोजनिशी पहिल्या दिवसापासून हवी, कारण नजर सरावली की या गोष्टी दिसेनाशा होतात. तिसरा म्हणजे मंत्र, कथा, ठरावीक बोलणी, सगळं त्यांच्याच भाषेत. ‘गुन्हेगाराला काय शिक्षा देता?’ असं मोघम विचारलं तर हाती काही लागत नाही. घडलेलं एखादं प्रकरण काढा, मग लोक आपणहून बोलतात.

निलगिरी:
वर छान लिहिलंय. फक्त मालिनोव्स्कीला ‘पहिला फील्डवर्कर’ लिहू नका. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स १९०१-०२ मध्येच आपल्या निलगिरीत तोडा आदिवासींच्या वंशावळी उतरवत होते. आणि ‘मालिनोव्स्की महायुद्धामुळे बेटावर कैदेत अडकला’ ही तर लोणकढी थाप. ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून तो कागदोपत्री शत्रूपक्षाचा, पण ऑस्ट्रेलियन सरकारने काम करू दिलं. ट्रोब्रिअंडचे मुक्कामही दोन: १९१५-१६ आणि १९१७-१८, मधल्या काळात तो ऑस्ट्रेलियात होता.

कोरा_रकाना:
बरोबर. टीकेसाठी मानवशास्त्रज्ञ अ‍ॅनेट वायनर घ्या. १९७० च्या दशकात त्यांनी त्याच बेटांवर दाखवलं की मृत्यूनंतरच्या विधींत बायका केळीच्या पानांच्या जुड्या वाटतात आणि तिथे ती खरीखुरी संपत्ती असते. मालिनोव्स्कीने तिला महत्त्वच दिलं नव्हतं.