व्हेनेटोक्लॅक्स: पहिला डोस २० मिग्रॅचाच का?

व्हेनेटोक्लॅक्स हे सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. 'ते पेशीत विष कालवतं' असं कधी कधी म्हटलं जातं, ते पटत नाही. सीएलएलच्या पेशीची मरायची तयारी आधीच झालेली असते. फक्त बीसीएल-२ हे प्रथिन बिम नावाच्या मारक प्रथिनाला धरून बसलेलं असतं. औषध बीसीएल-२च्या त्याच खाचेत शिरतं, बिम सुटतं, मग बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाघराच्या) बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात, त्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर सांडतं आणि कॅस्पेस नावाची विकरं पेशी आतून कापत सुटतात. यात पी५३ची (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या प्रथिनाची) गरज नाही, म्हणून ज्यांच्या कर्करोगपेशींत १७पी, म्हणजे पी५३चं जनुक असलेला १७व्या गुणसूत्राचा तुकडा, गळालेला असतो त्या रुग्णांतही ते चालतं.

महत्त्वाचा मुद्दा वेगाचा. हे काही तासांत होतं आणि फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड एकदम रक्तात येतं. मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही धोक्यात. म्हणून रोजचा डोस २०, ५०, १००, २००, ४०० मिग्रॅ असा वाढवतात, आठवड्याला एकच पायरी. पहिल्या डोसच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड-दोन लिटर पाणी आणि युरिक अ‍ॅसिड कमी ठेवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल. २० आणि ५०च्या पहिल्या डोसनंतर ६ ते ८ तासांनी व पुन्हा २४ तासांनी रक्त तपासतात. रुग्णाला बरं वाटतंय म्हणून ही तपासणी कृपया टाळू नका, पोटॅशियम वाढलेलं बाहेरून कळत नाही.