रॉकीजवरून जाताना नुसत्या टॅबलेटच्या जीपीएसवर भरवसा ठेवावा का?

राजवाड्याचा_अण्णा (इंदूर):
मंडळी, मामेभाऊ डेन्व्हरला असतो, त्याच्याकडे पीपीएल (खाजगी वैमानिकाचं लायसन्स) आहे. जुलैत मी तिकडे जातोय तर म्हणतो भाड्याच्या सेसना १७२ या छोट्या विमानातून तुला डोंगरापलीकडे ॲस्पेनला नेतो. विमानातलं जीपीएस जुनं आहे म्हणे, पण "टॅबलेट आहे ना, त्यावर डोंगर लाल-पिवळे दिसतात". इथे आई देव पाण्यात ठेवून बसलीये. एवढं पुरतं का?

महूकर७२:
टॅबलेट वाईट नाही, मीपण वापरतो. पण त्यावरची मार्गाची जांभळी रेघ सरळ शिखरांवरून जाते, तिचं काय जातंय, चढायचं विमानाला आहे! वाटेतली इंडिपेंडन्स पास ही खिंडच १२ हजार फुटांच्या वर, त्यावर आणखी २ हजार ठेवावे म्हणतात, आणि १७२ चा दम जवळपास तिथेच संपतो. त्यात उन्हाळा, गरम हवा विरळ. १० हजार फुटांवर २० डिग्री असलं तर इंजिन आणि पंखांच्या हिशेबी ते १३ हजार फूट. स्क्रीनवर हे कुठेय? वाऱ्याच्या आडोशाला हवा खाली ओढते तेही नाही दिसत. आपला इंदूरजवळचा जानापावचा डोंगर साडेआठशे मीटरचा, त्या अंदाजाने जाऊ नका.

काचेतलं_ऊन:
आणि उन्हात तापला की टॅबलेट सरळ बंद होतो. नाहीतर सक्शन कप सुटून पेडलपाशी पडतो आणि पायलट डोकं खाली घालून शोधत बसतो, तेही दरीत. दोन्हीकडे कडे असले की सॅटेलाइट कमी दिसतात, उंचीचा आकडा आधी बिघडतो.

विजयनगर_विमानवाला:
उंचीचं अर्धंच खरं. कडाक्याच्या थंडीत अल्टिमीटरच (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा काटा) खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, तेव्हा जीपीएस बरा.

महूकर७२:
मान्य भिया, पण जुलै आहे. शिवाय बाकीची विमानं अल्टिमीटरवरच उडतात, तुम्ही एकटे वेगळा आकडा धरून काय करणार. अण्णा, भावाला एवढंच विचारा, डोंगरधारेला तिरकं, ४५ अंशात जातोस का? म्हणजे जमत नाही वाटलं तर थोडं वळून लगेच मागे फिरता येतं. समोरून सरळ गेलं तर मोठं वळण घ्यावं लागतं, आणि एवढ्या उंचीवर वळण आणखी रुंद पडतं कारण खरा वेग काट्यावरच्यापेक्षा जास्त असतो. आणि निघायचं सकाळी, दुपारी तिकडे ढग गडगडतात.

राजवाड्याचा_अण्णा:
विचारलं. म्हणे डोंगरातलं वेगळं ट्रेनिंग "पुढच्या वर्षी करणारे". डेन्व्हरहून ॲस्पेनला बस जाते का हो?