फ्लॅशमधला कोड डीबग करायला सहा ब्रेकपॉइंट पुरतात

सोल्डरचा धूर
ब्लू पिलसाठी (एसटीएम३२एफ१०३ चिपचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) लोक अजूनही परवान्याची आयडीई, म्हणजे कोड लिहायचं-तपासायचं सॉफ्टवेअर, विकत घेतात, याचं नवल वाटतं. जीडीबी (डीबगर), ओपनओसीडी (त्याला चिपशी बोलायला लावणारा प्रोग्राम) आणि एक एसटी-लिंक (संगणक आणि बोर्ड जोडणारं उपकरण) एवढ्यावर भागतं. तक्रार ठरलेली: "कोड फ्लॅशमध्ये (चिपच्या कायमच्या मेमरीत) आहे, ब्रेकपॉइंट लागत नाही," म्हणजे हव्या त्या ओळीवर प्रोग्राम थांबत नाही. रॅममध्ये जीडीबी त्या जागची सूचना काढून स्वतःची ठेवतो. फ्लॅशवर तसं करायचं तर अख्खं पान पुसावं लागतं. म्हणून तर या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ कोअरमध्ये पत्ता जुळवणारे सहा तुलनाकार, म्हणजेच सहा हार्डवेअर ब्रेकपॉइंट, चिपमध्येच दिलेत. ओपनओसीडी मेमरीचा नकाशा जीडीबीला कळवतो, त्यामुळे साधं 'ब्रेक' लिहिलं तरी हार्डवेअरचाच लागतो. सहात न सापडलेली चूक सोळातही सापडणार नाही.

अर्धवट इंजिनिअर
सहा नव्हे, पाच धरा. 'नेक्स्ट' (पुढच्या ओळीवर जा) दिलं की फंक्शन ओलांडायला जीडीबी स्वतः एक तात्पुरता लावतो. सहाही खर्चून बसलात तर तिथेच अडतो. धाकट्या कॉर्टेक्स-एम० कोअरवर तर मुळात चारच. दोन आयएसआरवर (इंटरप्ट आला की चालणारी फंक्शन्स), एक हार्डफॉल्टवर (गंभीर चूक झाली की कोअर जिथे जातो तो कोड), उरलं काय? जे-लिंकच्या (एसटी-लिंकसारखंच दुसरं उपकरण) वरच्या मॉडेलात फ्लॅशमध्ये हवे तेवढे लावता येतात. पैसे त्याचेच मोजतो आपण.

सोल्डरचा धूर
हार्डफॉल्टवर ब्रेकपॉइंट कशाला वाया घालवता? व्हेक्टर कॅच आहे की, फॉल्ट आला की कोअर आपोआप थांबवणारी सोय. आणि ते 'हवे तेवढे' फ्लॅश पुन्हा लिहूनच मिळतात. एफ१०३ ची हमी १०,००० वेळा पुसण्याची.

अर्धवट इंजिनिअर
१०,००० होईपर्यंत माणूस दोन नोकऱ्या बदलतो हो.

नवशिका
माझे ब्रेकपॉइंट लागतात, पण भलत्याच ओळीवर थांबतात. ऑप्टिमायझेशन बंद केलं तर कोड ६४ केबीत मावत नाही.

सोल्डरचा धूर
सगळं बंद करू नका. संशय असलेली एकच फाइल -ओजी ने (डीबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) कंपाइल करा, बाकीचं राहू द्या -ओएस वर (आकार कमी करणारं).

मोटरवाला
तुमचं भांडण किती वेळा थांबायचं यावर चाललंय. माझं म्हणणं, थांबूच नका. चालत्या मोटरवर मी एकदा ब्रेकपॉइंट लावला. कोअर थांबला, टायमर नाही. ड्युटी (मोटरला वीज किती वेळ चालू ठेवायची ते प्रमाण) होती तिथेच अडकली, करंट बघणारं कोणी उरलं नाही. मोटरला वीज देणारे दोन मॉस्फेट जळून गेले, वास संध्याकाळपर्यंत खोलीत. तेव्हापासून रॅममध्ये छोटा रिंग बफर (भरला की जुन्यावरच लिहिणारी जागा) ठेवतो, आयएसआरमधून दोन-तीन आकडे त्यात टाकतो आणि मोटर बंद केल्यावर वाचतो. प्रिंटएफने आकडे सीरियल पोर्टवर छापायचं सुचवू नका: ११५२०० बॉडला एक अक्षर जायला ८७ मायक्रोसेकंद, माझ्या २० किलोहर्ट्झच्या आयएसआरला मिळतात ५०.

सोल्डरचा धूर
आणि बफर वाचता कशाने? जीडीबीनेच ना?

मोटरवाला
जीडीबीनेच. ब्रेकपॉइंट शून्य.