फर्लरवर (शीड गुंडाळायच्या फिरत्या नळीवर) अर्धं गुंडाळलेलं शीड पोट सोडतं: पॅडिंग शिवायचं की छोटं शीड घ्यायचं?

अमळनेरकर: बोट मुंबईला असली तरी भागीदार सगळे खान्देशी, म्हणून हा वाद इथंच घालू. पावसाळ्यामुळे शिडं उतरवून घरी आणलीयेत, मोठा जिनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये पसरलाय (आधी रुई झाडून झाडून कंबर गेली). माझं म्हणणं, नवीन शिडाचा खर्च नको. मांडव्याहून गेटवेला परत येताना दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर येतो, जिनोआ थोडा गुंडाळला की त्याला मधोमध पोट सुटतं, मग बोट नुसती कलते, वाऱ्याच्या जवळून, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चालतच नाही. कारण काय, तर मागच्या आणि खालच्या कडेला उन्हासाठी जो जाड पट्टा शिवलेला असतो त्याचे थर गुंडाळताना वरच्या आणि खालच्या टोकाला जमतात. टोकं जाड झाली की दर फेऱ्याला तिथं जास्त कापड आत जातं, मध्ये कमी, आणि उरलेलं कापड फुगतं. जाड काठाच्या गोधडीची वळकटी मध्ये ढिली राहते ना, तसंच. म्हणून लफला, म्हणजे पुढच्या कडेला, मध्ये जाड आणि वर-खाली निमुळती होत जाणारी फोमची पट्टी शिवायची, झालं काम.

धुळ्याचा_जिभाऊ: झालं काम काय भो! पट्टीनं पोट कमी होईल, पण कापडाचं काय करशील? तो जिनोआ १४० टक्क्यांचा, म्हणजे डोलकाठी ओलांडून मागे जाणारा, हलक्या वाऱ्यासाठी पातळ कापडात शिवलेला. २५ नॉटच्या जोरदार वाऱ्यात तो ताणणारच. शिवाय गुंडाळत गेलं की खालची कड वर उचलली जाते, म्हणजे जोर उंचावर लागतो, आणि पुढं गुंडाळीचा जाड सोटा, त्यावरून वारा नीट वाहत नाही. जाड कापडाचं १०० टक्क्यांचं जिब, म्हणजे डोलकाठीपर्यंतच पोचणारं पुढचं छोटं शीड, घ्या आणि विषय संपवा.

अमळनेरकर: आणि डिसेंबरच्या सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा त्या जिबवर काय रडायचं का जिभाऊ? इंजिनच लावशील. मी पूर्ण गुंडाळायचं म्हणतच नाहीये, साधारण ३० टक्के क्षेत्रफळ कमी होईपर्यंत पॅडिंग साथ देतं, त्यापुढं नाही, हे मलाही मान्य.

रावेरची_ताई: दोघं पैसे खर्च करायलाच बसलेत. आधी शीट, म्हणजे शीड ओढायची दोरी, ज्या कारमधून, म्हणजे डेकवरच्या सरकत्या कडीतून, जाते ती कार पुढं सरकवता का? गुंडाळल्यावर शिडाचा मागचा कोपरा पुढं आणि वर जातो. कार जुन्याच जागी ठेवली तर खालची कड ताठ आणि लीच, म्हणजे मागची कड, वर सुटून फडफडते. आपण दोष देतो शिडाला. गुंडाळायच्या आधी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, ताणा, नंतर ते हलत नाही. बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीची मागची तार, ताणा म्हणजे फॉरस्टे, म्हणजे जिनोआ ज्यावर असतो तो पुढचा ताण, कमी झोलेल, कारण तो झोलला की तेवढं पोट आपोआप वाढतं. आणि गुंडाळताना बोट थोडी वाऱ्यापासून वळवायची, शीट सोडायची पण हातात थोडा ताण ठेवायचा, नाहीतर गुंडाळी ढिली बसते. मग खालच्या कडेवर मार्करनं खुणा करून ठेवा, इथपर्यंत गुंडाळलं तर कार इथं. याला फुटकी कवडी लागत नाही.

धुळ्याचा_जिभाऊ: ताई, कारचं पटलं, पण जोराच्या झोतात मी ती मुद्दाम जराशी मागेच ठेवतो. वर वारा सुटला तर सुटू दे, बोट कमी कलते.

रावेरची_ताई: जराशी ठीक. तुम्ही ती कधी हलवतच नाही, त्याला डावपेच म्हणायचं का?

तापीकाठ: 😂 ताईनं बरोबर पकडलं. फोमबद्दल माझं मत वेगळं. फोम वर्षानुवर्षं दाबून चपटा होतो, आणि साधा असला तर पाणी पितो, घ्यायचाच तर बंद पेशींचा घ्या. त्यापेक्षा दोरी बरी. बाहीसारखी खोळ शिवून आत शेजारी-शेजारी कमी-जास्त लांबीच्या दोऱ्या घालायच्या, एक जवळजवळ पूर्ण उंचीची, बाकीच्या फक्त मधल्या भागात, म्हणजे आपोआप मध्ये जाड. दोरी दबत नाही. एक गोष्ट मात्र शिवणाऱ्याला बजावून सांगा, फर्लरच्या खाचेत सरकणाऱ्या टेपवर टाका मारायचा नाही, खोळ तिच्या मागे, नाहीतर शीड वर चढतच नाही. धागा उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचा, सुती नको.

अमळनेरकर: दोरीचं पटलं. भुसावळला ताडपत्र्या शिवणारा आहे, त्याचं मशीन जाड कापड ओढतं, त्यालाच शेडवर बोलावतो.

धुळ्याचा_जिभाऊ: बोलाव. पण माझ्या वाट्याचे पैसे त्यात धरू नको. ते जिबसाठी बाजूला ठेवलेत, आणि २५ नॉटला तुझा दोरीवाला जिनोआ लावलास तर सुकाणूवर तूच बस.

रावेरची_ताई: आणि कारच्या जागेच्या खुणा शीड पसरलेलंच आहे तोवर करून घे, फक्त खडूनं नको, पहिल्याच लाटेत जातील.