पारा ४५ अंशांवर, तरीही दही लागत नाही

प्रश्न (देवळी तालुका, जिल्हा वर्धा):
आमच्या दारात एक गवळाऊ जातीची गाय आहे आणि तिच्याच दुधाचे दही मी गेली बारा वर्षे लावीत आले आहे. उन्हाळ्यात आमच्या टिनाच्या स्वयंपाकघरात दुपारी विरजलेले दूध चार तासांत लागते. ते आंबण्याआधी उचलून माठाच्या ओल्या वाळूवर ठेवण्याचीच घाई असते. या आठवड्यात मात्र तोच गंज (पातेले), तेच विरजण आणि तीच पद्धत असूनही आठ तासांनंतर दूध पातळ आणि गोडच राहते. सासूबाईंच्या मते विरजणाला दृष्ट लागली आहे. मला ते पटत नाही, पण दुसरे कारणही सापडत नाही.

उत्तर (दर्यापूर):
ताई, दूध फार गरम असताना विरजण घातले गेले असावे. दह्याचे जिवाणू ४० ते ४५ अंशांच्या आसपास जोमाने वाढतात, पण ५० अंशांच्या पुढे त्यांची वाढ खुंटते. उन्हाळ्यात गंज निवायला फार वेळ लागतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. करंगळी सुखाने बुडवता येईल इतके दूध निवू द्यावे.

उत्तर (पवनी, जिल्हा भंडारा):
वरील सूचना योग्य आहे, परंतु बारा वर्षांचा हात एकाएकी आठवडाभर चुकेल असे मला वाटत नाही. मी दूध संकलनाचे काम पाहतो, म्हणून आधी विचारतो: गाईला अलीकडे दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली होती का? कासेच्या उपचारात दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो, दूध उकळल्याने तो पुरता नाहीसा होत नाही, आणि गाईच्या सडातील जंतू मारणारे तेच औषध गंजातील विरजणाच्या जिवाणूंनाही वाढू देत नाही. आम्ल तयार झाले नाही तर दुधातील केसीन हे प्रथिन गोठत नाही, म्हणून दूध गोड राहते. खात्री करायची असल्यास दुसऱ्या जनावराचे पावशेर दूध आणून त्यात हेच विरजण घालून पाहावे.

प्रश्नकर्ती:
दादा, आपला तर्क खरा ठरला. मागच्या सोमवारी मागचा डावा सड सुजला होता. डॉक्टरांनी सडात नळीने औषध सोडले आणि तीन दिवस सुयाही दिल्या. मी त्या एका सडाचे दूध टाकून उरलेल्या तिघांचे वापरत होते. काल शेजारच्या म्हशीच्या दुधात तेच विरजण घातले, तर साडेतीन तासांत सुरी उभी राहील असे दही लागले. उरलेल्या तीन सडांचे दूध तरी चालावे ना?

उत्तर (पवनी, जिल्हा भंडारा):
चालणार नाही. सुईचे औषध रक्तावाटे चारही सडांत पोहोचते, आणि नळी एकाच सडात सोडली असली तरी चारही सडांचे दूध वगळावे लागते. शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस दूध वापरू नये हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. ते सापडत नसेल तर डॉक्टरांनाच विचारावे. तोवर ते दूध मुलांना देऊ नये, आणि संकलन केंद्रावर तर मुळीच घालू नये, कारण एका कॅनमुळे सगळ्या टाकीचे दूध वाया जाऊ शकते. या आठवड्यातले न लागलेले दूध विरजण म्हणून पुढे चालवू नका. म्हशीच्या दुधाचे जे दही लागले, त्यातलेच चमचाभर बाजूला ठेवा.