+एफ वाली दुधाची पिशवी (बी विंग महिला ग्रुप)

वैशाली ३०२: डेअरीवाला आता +एफ (फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक घातलेलं दूध) छापलेली पिशवी टाकतोय. सासूबाई म्हणतात ह्यात सगळं घातलेलंच आहे तर मी कॅल्शियमची गोळी बंद करते, तसंही तिने पोट गच्च होतं. वय ७१, मागच्या वर्षी घरातच पाय सटकून मनगट मोडलं होतं. काय करू?

कुलकर्णी काकू: अगं पिशवीच्या मागे बघ आधी, काय घातलंय ते लिहिलेलं असतं

वैशाली ३०२: व्हिटॅमिन ए आणि डी

कुलकर्णी काकू: मग कॅल्शियम कुठे आलं त्यात

रेखा ४०३: अय्या मला वाटायचं कॅल्शियमच घालतात

अनघा ५०१: नाही गं. मी डायटिशियन म्हणून सांगते, कॅल्शियम दुधात मुळातच असतं, २०० मिली गायीच्या दुधात साधारण २४० मिग्रॅ, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) २०१८ च्या नियमाप्रमाणे +एफ दुधात लिटरमागे व्हिटॅमिन डी ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम म्हणजे २०० ते ३०० युनिट, मग एका कपात किती आलं, ४० ते ६०. ह्या वयात रोज लागतं ६०० ते ८००. आणि पाळी गेल्यावर कॅल्शियम आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने १२०० मिग्रॅ. म्हणजे दूध +एफ चंच घ्या, वाईट काही नाही त्यात, पण ते गोळीच्या जागी नाही चालणार.

नलिनी आजी: आम्ही आपलं सुट्टं म्हशीचं घेतो. आणि साय काढून तूप करते मी, मग सगळं जातं का

अनघा ५०१: कॅल्शियम नाही जात आजी, ते खाली दुधातच राहतं. ए आणि डी फॅटमध्ये विरघळतात, ते सायीबरोबर थोडं जातं, पण तुमच्या सुट्ट्या दुधात वरून घातलेलं नसतंच त्यामुळे तूप करा बिनधास्त.

नलिनी आजी: मी तर रोज सकाळी सहाला गॅलरीत उन्हात बसते, काचा लावून, वारा लागतो ना

अनघा ५०१: अंगात डी तयार करणारे किरण काचेतून येतच नाहीत आणि सहाला ऊनही कोवळं. अकरानंतर काच उघडून हातपाय मोकळे ठेवून थोडा वेळ बसा, डोक्यावर पदर घेतला तरी चालेल.

शुभांगी १०१: टँकर आला का??

रेखा ४०३: आलाय. बरं, त्या व्हिटॅमिन डीच्या साठ हजार युनिटच्या पुडीचा मेसेज फिरतोय, रोज एक घ्या म्हणून

अनघा ५०१: रोज अजिबात नाही!! ती बहुतेक आठवड्याला एक देतात, तीही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, किडनीवर ताण. तो मेसेज डिलीट करा.

कुलकर्णी काकू: पण मग दुधाने काही फरक पडतो की नाही म्हातारपणी? आमचे हे म्हणतात दूध लहान मुलांसाठी

अनघा ५०१: पडतो ना. ऑस्ट्रेलियात ६० वृद्धाश्रमांत दोन वर्षं अभ्यास झाला, बीएमजे ह्या वैद्यकीय मासिकात २०२१ ला आला, बहुतेक बायकाच आणि वय सरासरी ८६. अर्ध्या आश्रमांत दूध, दही, चीज वाढवलं, कॅल्शियम साधारण ७०० वरून ११०० च्या वर गेलं, सोबत प्रोटीन पण वाढलं. हाडं मोडायचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी, खुब्याचं ४६ टक्क्यांनी. पण त्यांच्यात डी आधीच पुरेसं होतं हे लक्षात ठेवा, आपल्याकडे तिथेच बोंब आहे. आणि प्रोटीन म्हणजे आपल्याकडे दही, डाळ, अंडं, नुसत्या पातळ ताकाने भागत नाही काकू

कुलकर्णी काकू: ताक मलाच म्हणालीस ना

अनघा ५०१: वैशाली, मनगट मोडलंय तर डॉक्टरांना डेक्सा स्कॅनचं विचार, त्यात हाडाची घनता कळेल. आणि गोळीच्या स्ट्रिपवर काय लिहिलंय, कॅल्शियम कार्बोनेट का सायट्रेट?

वैशाली ३०२: कार्बोनेट. सकाळी उपाशीपोटी, थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतात, एकदाच लक्षात राहतं म्हणून

अनघा ५०१: अरे देवा. थायरॉईडची गोळी लागूच पडत नसणार नीट. दोन्हीत चार तासांचं अंतर ठेव, कार्बोनेट जेवणानंतर द्यायची, तरी पोट गच्च वाटलं तर डॉक्टरांना सायट्रेट बदलून देता का विचार. थायरॉईडची टेस्ट शेवटची कधी केली होती त्यांची?

वैशाली ३०२: फाईल शोधते, आणि संध्याकाळी वर येऊ का तुझ्याकडे, सगळ्या स्ट्रिपा घेऊनच येते