डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: आम्हा पाच जणांना परवडेल का?

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी, ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं एकदाचं नक्की झालंय, पाच रात्री, डिस्नेच्याच एका स्वस्तातल्या (म्हणजे त्यांच्या मानाने स्वस्तातल्या) हॉटेलमधे. आता पॅकेज बुक करताना डायनिंग प्लॅन पाहिजे का असं विचारतायत आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो घेऊन टाकू, एकदा पैसे भरले की तिथे प्रत्येक वेळी पाकीट काढायला नको, सुट्टीवर हिशोब नको. मला आकडा बघूनच धडकी भरली. आम्ही दोघं, मुलगी नुकतीच १० वर्षांची झालीये, मुलगा ६ चा, आणि सासूबाई. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि खाणं अगदी बेताचं. मुलगी तर चिमणीसारखं टिपते. आम्ही दोघं सगळं खातो पण दारू बिअर काही घेत नाही. कोणी घेतलाय का हा प्लॅन? पैसे वसूल होतात का? की बाहेरून दिसतो तेवढा सरळ नाहीये?

मिसळ_कट्टा:
आधी प्लॅन काय आहे ते नीट समजून घ्या कारण त्यांच्या जाहिरातीत सगळं छान छानच वाटतं. २०२० मधे हे प्लॅन बंद पडले होते, ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाले. दोन प्रकार आहेत. क्विक सर्व्हिसवाल्यात माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्यात एक बसून खायचं जेवण, एक काउंटरवरचं आणि एक स्नॅक. दोन्हीत एक मग मिळतो, तो हॉटेलात परत परत भरून घ्यायचा, पार्कात चालत नाही. काउंटरच्या जेवणात एक मेन डिश आणि एक पेय, बसायच्या जेवणात वर डेझर्ट. टॅक्स धरलेला आहे, टिप नाही, ती वेगळी द्यायची.

आता तुमच्या कामाचं. १० वर्षं पूर्ण म्हणजे त्यांच्या लेखी मोठं माणूस. ३ ते ९ लाच मुलांचा दर. आणि एका बुकिंगमधे ३ वर्षांवरच्या सगळ्यांनी घ्यायचा किंवा कोणीच नाही, म्हणजे नवऱ्यापुरता घेऊ आणि सासूबाईंना सोडून देऊ असं जमत नाही. २०२४ ला सुरू झाला तेव्हाचे दर सांगतो, त्यानंतर वाढलेच आहेत: क्विक सर्व्हिस मोठ्यांना ५७.०१ डॉलर आणि लहानांना २३.८३, दुसरा ९४.२८ आणि २९.६९. हे दर रात्रीचे. तुमचे चार मोठे आणि एक लहान, म्हणजे क्विकवाला रोजचा जवळपास २५२, पाच रात्रींचे १२५९. दुसरा घेतलात तर २०३४. जुन्या दराने हं. नवऱ्याला हा आकडा दाखवा मग बघा पाकीट काढायला नको म्हणतो का 😀

निवांत_प्रवासी:
मी जरा उलट बाजूने बोलतो कारण अशा धाग्यांवर सगळे कॅल्क्युलेटर घेऊनच बसतात. आम्ही घेतला होता आणि मला आवडला. पैसे वाचले का, नसतील वाचले. पण पार्कात दुपारी ऊन तळपतंय, पोरगं मिकीच्या तोंडाचं आइस्क्रीम मागतंय, आणि तुम्ही किंमत न बघता हो म्हणताय, हे सुख वेगळं असतं. नाहीतर दर दोन तासांनी घरातलं एक माणूस नाही म्हणणारं होतं आणि ते माणूस बहुतेक वेळा बाबाच असतो. क्रेडिटं (एक जेवण किंवा एक स्नॅक म्हणजे साधारण एक क्रेडिट) रोजच्या रोज संपवायची नसतात, पूर्ण मुक्कामाचा एक गठ्ठा असतो, आज कमी खाल्लं तर उद्या वापरा, किती उरलीत ते अ‍ॅपवर दिसतं. फक्त हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री संपतात, परत काही मिळत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी हॉटेलच्या फूड कोर्टात मजा बघण्यासारखी असते, लोक उरलेल्या स्नॅक क्रेडिटांवर पाकिटातली बिस्किटं आणि राइस क्रिस्पीचे चौकोन टोपलीभर उचलत असतात, काउंटरवरची मुलगी एक एक स्कॅन करतेय आणि मागे रांग. आमच्या मुलांनी विमानात तेच खाल्लं.

मिसळ_कट्टा:
@निवांत_प्रवासी ते सुख मान्य आहे पण तेवढ्यासाठी प्लॅन कशाला, तेवढ्याच रकमेचं डिस्नेचं गिफ्ट कार्ड भरून ठेवा. ते पण आधी भरलेलंच असतं, आइस्क्रीमला हो म्हणता येतं, आणि उरलं तर मध्यरात्री उडून जात नाही.

शून्य_किलोमीटर:
पाऊसवेडी ताई, मला वाटतं तुमचा प्रश्न डिस्नेचा नाहीच, तुमच्या घरात कोण काय खातं त्याचा आहे. क्रेडिटला तुम्ही काय घेतलंत त्याच्याशी घेणं नसतं. बाजूच्या टेबलवर कोणी मांसाचं भलंमोठं ताट आणि बिअर घेतली (२१ च्या वरच्यांना पेयात बिअर वाइन चालते) तरी एक क्रेडिट, आणि तुमच्या सासूबाईंनी भात-भाज्यांचा बाऊल आणि पाणी घेतलं तरी एकच. म्हणजे शाकाहारी, न पिणारा, कमी खाणारा माणूस त्या प्लॅनमधे दुसऱ्याचं बिल भरतो. तुमच्याकडे हे तिन्ही आहेत.

एक दिवस मांडून बघूया. काउंटरवर व्हेज बाऊल साधारण १५ च्या आसपास, सोडा ५, म्हणजे २०. दोनदा खाल्लं ४०. स्नॅक ७ धरा. ४७, त्यावर साडेसहा टक्के टॅक्स, ५० झाले. तो परत भरायचा मग, त्याचे रोजचे चारेक धरले तर ५४. म्हणजे सगळं खाल्लं, सगळं प्यायलं, एकही क्रेडिट वाया गेलं नाही, तरी ५७ ला पोचत नाही. आणि आपण जेवताना सोडा पितो कुठे? बर्फाच्या पाण्याचा ग्लास काउंटरवर मागितला की फुकट देतात. तो सोडा काढला की रोजचे दहा तिथेच कमी.

मुलीचं तर फारच वाईट गणित आहे. प्लॅनमधे ती ५७ वाली. रोख पैसे देताना काउंटरवर तिच्यासाठी किड्स मील मागा, कोणी वय विचारत नाही, दोन किड्स मील आणि एक आइस्क्रीम मिळून तिशीच्या आतबाहेर होतं. मग कशाला भरायचे?

गावाकडची_पोर:
इथे कोणी सांगितलं नाही म्हणून, स्वस्तातल्या हॉटेलांच्या साध्या खोलीत चारच जण राहू शकतात, पाचवं फक्त पाळण्यातलं बाळ. म्हणजे फॅमिली स्वीट नाही घेतलात तर तुमच्या दोन खोल्या होणारच ना? मग दोन वेगळी बुकिंगं करा. एकात तुम्ही दोघं आणि मुलगा, दुसऱ्यात आजी आणि नात. पहिल्या बुकिंगला क्विकवाला प्लॅन घ्या, दुसऱ्याला घेऊच नका. मिसळ_कट्टा यांच्याच दराने पहिल्या खोलीचे पाच रात्रींचे ६८९ होतात, म्हणजे सगळ्यांना घेण्यापेक्षा ५७० कमी. त्या ५७० मधे आजी-नात पाच दिवस राजासारख्या जेवतील आणि तरी उरतील. फक्त एकाची क्रेडिटं दुसऱ्याला वापरायची नसतात नियमाप्रमाणे, तेवढं लक्षात ठेवा. आणि दोन्ही बुकिंगं अ‍ॅपमधे जोडून घ्या, खोल्या शेजारी शेजारी मिळाव्यात म्हणून विनंती टाका, तिथले लोक शक्य असेल तर देतात.

अजून एक, २०२६ च्या पॅकेजवर मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ च्या मुलांचा फुकट अशी ऑफर काढलीये त्यांनी. तुमच्या तारखांना लागू असेल तर मुलाचे पैसेही सुटतील. मुलगी मात्र नाही बसत त्यात, एका वर्षाने हुकलं बिचारीचं.

पाऊसवेडी:
बापरे दोन बुकिंगांचं डोक्यातच आलं नव्हतं!! धन्यवाद गं. दोन खोल्याच घेतोय आम्ही. पण आता नवऱ्याचं नवीन सुरू झालंय, त्याला ते बसून जेवायचं हवंय, मिकी टेबलपाशी येतो वगैरे, आणि तो म्हणतोय त्यासाठी दुसरा प्लॅन घेतला तरच फायदा. खरं आहे का? आणि सासूबाईंना तिथे नक्की काय मिळेल?

शून्य_किलोमीटर:
नवरा अर्धा बरोबर आहे. दुसऱ्या प्लॅनमधे पैसे वसूल होतात ते डिस्नेची पात्रं टेबलपाशी येतात त्या बुफेंमुळेच, मिकीचं शेफ मिकीज किंवा विनी द पूचं क्रिस्टल पॅलेस यांसारखे. मोठ्या माणसाला रात्रीच्या जेवणाचे साठच्या पुढे जातात तिथे, आणि प्लॅनमधे एकच क्रेडिट. रोज एक असा बुफे हाणलात तर प्लॅन नक्की फायद्याचा. पण रोज दीड तास बुफेत बसणार का पार्क बघणार? आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जागेला दोन क्रेडिटं जातात, मोठमोठ्या सिग्नेचर रेस्टॉरंटांना पण दोनच, तिथे तोटा ठरलेला. तुम्हाला एकदाच मिकी भेटवायचाय ना, एक बुफे रोखीने करा आणि सोडा. आजींना त्या दिवशी नेलंत तर त्यांचेही पूर्ण पैसे लागतील आणि त्या दोन पोळ्यांएवढं खातील, तेव्हा त्यांना विचारून बघा, कदाचित त्याच खोलीत आराम करणं पसंत करतील.

प्लॅन घेतला म्हणजे टेबल मिळालं असं नाही हेही नवऱ्याला सांगा. टेबलांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचायच्या दिवसापासून ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं. तो दिवस कॅलेंडरवर टाका, सकाळी लवकर बसा.

मोगरा_आणि_मिरची:
आजींच्या खाण्याबद्दल सांगते. काउंटरच्या मेन्यूत पानाचं चिन्ह असलेले पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य असतात, म्हणजे अंडं दूध दोन्ही नाही, डोळे मिटून घ्या. अ‍ॅनिमल किंगडम नावाच्या त्यांच्या पार्कात पँडोरा भागात सातूली कँटीन आहे, तिथला टोफूचा बाऊल माझ्या आईने खाल्ला होता, मसाला बेताचा असतो, बरोबर लोणच्याची पुडी ठेवा आणि ही गोष्ट गंमत म्हणून नाही सांगत. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, काचेचं भांडं आणि दारू मात्र नको. ठेपले, दशम्या काहीही न्या. आणि एक संध्याकाळ अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सनाला जाच, आफ्रिकन आणि भारतीय मिसळ असलेलं रेस्टॉरंट आहे, त्यांची ब्रेड सर्व्हिस म्हणजे नान वगैरे आणि वाट्यांमधून नऊ प्रकारच्या चटण्या, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. आमच्या आईने जिराफ बघत नान संपवला आणि दुसरं काही मागवूच दिलं नाही. पार्कचं तिकीट लागत नाही तिथे जायला.

पाऊसवेडी:
हे वाचून दाखवलं घरी. नवऱ्याने आकडे बघितले, आता तोच म्हणतोय की दोघांचाही प्लॅन नको, गिफ्ट कार्ड भरू आणि मिकीचं एक टेबल घेऊ. मुलाची फुकटवाली ऑफर आमच्या तारखांना आहे का ते उद्या फोन करून विचारते, ती असेल तर आम्हा दोघांचा क्विकवाला परत एकदा मांडून बघेन, शून्य_किलोमीटर यांच्या पद्धतीने, आधी मेन्यू उघडून आम्ही खरंच काय मागवू ते लिहायचं आणि मग बेरीज. खोलीत काही गरम करायची सोय असते का हो?

गावाकडची_पोर:
खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह नसतो, तो खाली फूड कोर्टात असतो, कोणीही वापरतं. कॉफी मेकरमधे नुसतं पाणी तापवता येतं पण त्याला कॉफीचा वास येतो, सासूबाईंचा चहा फूड कोर्टातल्या गरम पाण्यावरच करा.